गोधडीवाल्यांना दिवाळीत काय द्यावं

माणसांपेक्षा बैलांना आणि बैलांपेक्षा गोधड्यांना ज्यांनी जास्त टाके घातले असे गृहस्थ साऱ्या बीड जिल्ह्यात एकच, आणि ते माझ्या वाट्याला घरमालक म्हणून आले. सिरसाळ्याच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा खोली दाखवायला ते स्वतः आले होते. खोली दाखवायची सोडून त्यांनी आधी माझ्या शर्टाची कॉलर दोन बोटांत धरली, चुरगाळून पाहिली आणि विचारलं, "सुती हाय ना? किती वर्षं झाली?" मी म्हणालो, तीन. "मंग अजून दोन वर्षं घाला," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मला वाटलं, नव्या भाडेकरूच्या परिस्थितीची चौकशी चालली आहे. तो शर्ट त्यांनी उभ्या उभ्या गोधडीसाठी राखून ठेवला होता, हे पुढं कधीतरी कळलं.

जन्मभर त्यांनी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं युसूफ वडगावला. गाव त्यांना डॉक्टर म्हणतं आणि तेही नाही म्हणत नाहीत. शिंगानं फाटलेली पोटं, तारेनं चिरलेल्या कासा, सगळं त्यांनी शिवलं. मग निवृत्त झाले, वर्षभरात बायको गेली, एकुलती एक लेक आधीच लग्न होऊन बंगळूरला गेलेली, आणि या माणसाच्या हातांना शिवायला काही उरलं नाही. आधी त्यांनी घरातली फाटकी पोती शिवली. मग गल्लीतल्या पोरांची दप्तरं शिवली, त्यात काही न फाटलेलीही होती. शेवटी एका दुपारी बायकोची ट्रंक उघडून तिची जुनी लुगडी बाहेर काढली आणि पहिली गोधडी अंथरली. तिथून जे सुरू झालं ते थांबेना. सुई तीच, दवाखान्यातली वाकडी. टाकाही तोच, बैलाच्या चामड्याला शोभेल असा. त्यांची गोधडी जुनी होऊन विरेल, पण उसवणार नाही.

शिवताना त्यांची जुनी सवय सुटलेली नव्हती. बैल आडवा पाडला की चौघं जण पाय धरत. गोधडी अंथरतानाही चारी कोपरे ताणून धरावे लागतात, नाहीतर आतल्या थराला चुण्या पडतात. घरात धरायला माणूस मी एकटा. रविवारी सकाळी हाक यायची, "सर, मागचे पाय धरा." मी जाऊन दोन कोपरे धरून बसायचो. पुढचे दोन कोपरे दगडांखाली. मध्येच ते गोधडीला "हो, हो, हलू नको" म्हणत, आणि रांग पुरी झाली की तिच्यावर थाप मारून म्हणत, "झालं, झालं बाळा." हे गोधडीला असे की मला, ते मी कधी विचारलं नाही.

कपड्याच्या बाबतीत मात्र ते कुणाचं ऐकणारे नव्हते. कपडा सुती हवा आणि माणसाच्या अंगावर झिजलेला हवा. टेरीकॉटचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरे. "त्यात सुई घुसत न्हाई अन् थंडी घुसती," असं त्यांचं मत होतं. गल्लीत कुणी नवं लुगडं नेसलं की हे पदर न्याहाळून ते कधी विटेल याचा अंदाज बांधत. एकदा मतं मागायला एक पुढारी दारात आला. त्याचं हात जोडून झाल्यावर ह्यांनी त्याच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याची बाही चाचपली आणि म्हणाले, "कापड लई झकास हाय साहेब, पर तुमी एक दिस घालून टाकता. जरा झिजू द्या अंगावर." पुढाऱ्याला यात राजकारण दिसलं. आपण जनतेसाठी किती झिजलो याचा खुलासा तो बिचारा उन्हात उभा राहून करत होता.

दिवाळी आली की बंगळूरहून पार्सल यायचं. लेकीचं येणं जमत नसे. कधी तिला सुट्टी नसे, कधी जावयाला, आणि दोघांना असली तर नातीची परीक्षा असे. पण लेक प्रेमळ. गोधडी शिवणाऱ्या माणसाला काय द्यावं हे ती इंटरनेटवर शोधून काढी आणि एकेक उपयोगी वस्तू धाडी. वस्तू खरोखर उपयोगी होत्या, फक्त उपयोग निराळा झाला. कापड कापायचं चाकासारखं फिरणारं पातं आलं, ते समोरच्या वहिनींनी शंकरपाळी कापायला नेलं आणि गल्लीभर फिरलं. आखलेली हिरवी रबरी चटई आली, ती गुडघ्याखाली गेली. थर धरून ठेवायचे पन्नास चिमटे आले, त्यांनी स्वयंपाकघरातल्या तूरडाळीपासून धन्यापर्यंत सगळ्या पुड्यांची तोंडं बंद झाली. गळ्यात अडकवायचा दिवा आला. लाइट गेली की तो घालून ते पेपर वाचत बसत आणि गल्लीतली कुत्री त्यांच्यावर भुंकत. सुईत दोरा ओवायचं एक चिमुकलं यंत्रही आलं होतं. ते त्यांनी डबीतून बाहेर काढलंच नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, मग दोरा ओवायला हाक कुणाला मारायची?

तुमच्या घरात कुणी गोधडी शिवत असेल तर अनुभवाने सांगतो, चांगली कात्री द्या आणि तिने घरातलं दुसरं कुणी कागद कापणार नाही असं बजावून द्या. मोठ्या नेढ्याच्या सुया द्या, जाड सुती दोऱ्याची रिळं द्या, बोटात घालायची टोपी द्या, पण बोटाचं माप आधी घ्या. चष्म्याचा नंबर तपासून आणा. पाठ टेकायला काहीतरी द्या. नवं कापड देऊ नका. हे शेवटचं मी अपराधी मनाने लिहितो आहे.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर त्यांनी मला बोलावून घेतलं. त्यांचा फोन बटणांचा, म्हणून लेकीला निरोप माझ्या फोनवरून जात असत आणि तिचे व्हिडिओ कॉलही माझ्याच फोनवर येत. म्हणाले, "सर, ह्या येळंला तुमी लिवा. जुने कपडे पाठव म्हणावं. समद्यांचे. जावयाचा सदरा, तिचे डिरेस, पोरीचे फ्रॉक. फाटके बी चालतील." त्या घराची, त्या घरच्या कपड्यांची एक गोधडी नातीसाठी शिवायची असं त्यांच्या मनात होतं. मग म्हणाले, "तुमच्या फोनात निस्ती तोंडं दिसत्यात सर. फ्रॉक हातात आला म्हंजी कळंल, पोर केवढी झाली."

मी पडलो मास्तर. दुसऱ्याचं वाक्य सुधारून लिहायची खोड हाडात भिनलेली. शिवाय ऐन दिवाळीत बापाने लेकीकडे जुने कपडे मागायचे, ते बरं दिसत नाही, जावई काय म्हणेल, असं माझं मीच ठरवलं. मी लिहिलं, 'बाबांना गोधडीसाठी चांगलं सुती कापड हवं आहे.' त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं तेव्हा मात्र त्यांचंच वाक्य वाचून दाखवलं.

पार्सल आलं. आत कोऱ्या सुती कापडाचे चौकोन होते, सगळे एका मापाचे, रंग एकमेकांना साजेसे, वरून रेशमी फीत बांधलेली. त्यांनी एकेक चौकोन उलटसुलट करून पाहिला, नाकाशी नेला आणि खाली ठेवला. "ह्यात कुणीच न्हाई सर," म्हणाले. लेकीने आपलं मागणं टाळलं असंच त्यांना वाटलं असणार, कारण तिच्याविषयी ते अवाक्षर बोलले नाहीत. दोन महिने बसून त्यांनी त्या चौकोनांची गोधडी शिवली. मी मागचे पाय धरले. गोधडी बंगळूरला गेली आणि होळीच्या सुमारास तिचा फोटो आला. बैठकीच्या खोलीतल्या भिंतीवर गोधडी टांगलेली, वर खास छोटा दिवा लावलेला. खाली लेकीने लिहिलं होतं की येणारा प्रत्येक जण विचारतो, कुणी केली. मी मोठ्या कौतुकाने फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"भिंतीला थंडी वाजती का सर?" त्यांनी विचारलं.

मी हसलो. ते हसले नाहीत. त्या दिवसानंतर त्यांनी सुई हातात घेतली नाही. रविवारच्या हाका बंद झाल्या. माझा तो शर्ट एव्हाना खांद्यावर विरला होता, पण त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत. मी दारातून आत-बाहेर करताना मान खाली घालून जात असे. खरं सांगायला मला यंदाचा दसरा उजाडला. आधी त्यांना सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तुमी माझ्या अब्रूला जपलं सर. पर मला अब्रू न्हवती पायजे." मग लेकीला फोन केला. ती म्हणाली, दरवर्षी जुने कपडे पोत्यात भरून देऊन टाकते मी, बाबांनी मागितले असते तर एक चिंधी बाहेर जाऊ दिली नसती.

यंदाचं पार्सल वसुबारसेला आलं. जावयाचा खिशाला शाईचा डाग पडलेला सदरा, लेकीचे कोपरावर विरलेले दोन कुर्ते आणि नातीचे चार फ्रॉक, लहानापासून मोठ्यापर्यंत. त्यांनी चारही फ्रॉक जमिनीवर ओळीने मांडले आणि वितीने मोजले. पहिला दोन विती, शेवटचा साडेतीन. "एवढी झाली," असं म्हणून त्यांनी जमिनीपासून हात वर धरून मला उंची दाखवली. मी आनंदाने कात्री आणून दिली, दगड आणले, बाही सावरून कोपरे धरायला बसलो. ते कात्रीकडे पाहत राहिले. फाटलेल्या पोटात कोपरापर्यंत हात घालणारा माणूस, पण त्या फ्रॉकला त्यांचा हात लागेना. म्हणाले, "सर, हे कापायचं कावून?" मी कात्री परत ठेवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परळीवरून लातूरला घरी जायला निघालो. पिशवी घेऊन बाहेर आलो तर अंगणातल्या तारेवर ते कपडे वाळत होते. रातोरात मळले नव्हते, पण त्यांनी ते धुऊन काढले होते. एरवी त्या तारेवर त्यांचं धोतर आणि माझी पँट यापलीकडे काही नसे. आता सदरा होता, कुर्ते होते, तीन फ्रॉक होते आणि चौथा ते झटकून टाकत होते. समोरच्या वहिनी रांगोळी घालता घालता उठून उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, लेक आली व्हय दिवाळीला?"

"आली की," ते पाठमोरेच म्हणाले.

"कवा?"

फ्रॉकची ओली किनार ते हाताने सरळ करत राहिले. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

"पहाटेच्या गाडीनं," मी म्हणालो.

वहिनींचा चेहरा फुलला. बरं झालं, म्हणाल्या, किती वर्षांनी आली, लेकराला लाडू घेऊन येते, आणि रांगोळी तशीच टाकून घरात गेल्या. डॉक्टरांनी फ्रॉक तारेवर घातला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले की परळीची गाडी निघून जाईल, सर, तुम्ही निघा.

मी पिशवी खाली ठेवली आणि ओट्यावर त्यांच्याजवळ जाऊन बसलो. वहिनी आत्ता लाडू घेऊन येणार होत्या, आणि पोर झोपलीय हे सांगायला दारात दोघं असलेलं बरं.