पुसायच्या आधी विचारणारे साडू

हिंगोली जिल्ह्यात एखाद्या संस्थेचा कॉम्प्युटर धूळ खात पडलेला दिसला, तर खुशाल समजावं की आमचे साडू अजून तिथे पोचलेले नाहीत. वसमतच्या बसस्थानकात चौकशीच्या खिडकीमागे उभी हयात घालवलेला हा माणूस निवृत्त झाला आणि खुल्या सॉफ्टवेअरच्या नादी लागला. कुणीही फुकट घ्यावं, हवं तसं बदलावं, दुसऱ्यालाही द्यावं, असं ते सॉफ्टवेअर. "शेजारणीकडून विरजण आणल्यासारखं हाय बघा, तिचं दही कमी होत न्हाई," हे ते ज्याला त्याला ऐकवतात. पेनड्राइव्ह हरवू नये म्हणून करदोड्याला बांधलेला. तो सोडायला ते भर सभेत सदरा वर करतात, आणि महिला मंडळाच्या बायका एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागतात.

कनेरगाव नाक्याच्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना माणूस गायब! वऱ्हाड जेवायला बसलं तरी पत्ता नाही. सापडले ते शेजारच्या वाचनालयात. मुठीतल्या अक्षता कीबोर्डवर सांडल्या होत्या आणि हे ग्रंथपालाला पुस्तकांची यादी करायला शिकवत होते. आमच्या मेहुणीने, म्हणजे त्यांच्या पत्नीने, तिथेच हात जोडले. चोरीच्या सॉफ्टवेअरचा तर असा राग, की ते वापरणाऱ्या एका अध्यक्षांच्या घरचं पुरणपोळीचं ताट त्यांनी तसंच सोडलं. मी मात्र माझं जेवून घेतलं, खोटं कशाला बोलू?

आमची संस्था कळमनुरीत मिरगीच्या पेशंटांना दर महिन्याला गोळ्या देते. त्यांच्या नोंदी ठेवायचा प्रोग्राम साडूंनीच बसवला आणि त्यातली इंग्रजी फेकून आपली भाषा घातली. चुकलं की यंत्र म्हणायचं, 'थोडं चुकलं, घाबरू नका.' इथवर छान. पण एखादं नाव पुसायला गेलं की समोर यायचं, 'काहून पुसून राहिलात? घरी जाऊन आलात का?' पेशंटच्या घरी कोणत्या तारखेला गेलो ते लिहिल्याशिवाय नाव हलायचंच नाही.

माझं डोकं फिरलं. फोन लावला. "साडूभाऊ, न येणाऱ्यांची नावं किती दिवस सांभाळू? काढा तो प्रश्न!"

"प्रोग्राम खुला हाय, पाव्हणं. तुमीच काढा."

मला कुठलं येतंय! मग तेच म्हणाले, "खिडकीत बसून मी उभा जन्म लोकांना 'गाडी गेली' म्हणून सांगितलं. मागं कोण राहिलं, ते एकदा बी उठून पाह्यलं न्हाई."

त्या यादीत एक शिवणकाम करणारी बाई होती, तिशीतली. शमीम म्हणू या. खरं नाव सांगायचं नाही असा शब्द दिलेला आहे. चार महिने ती गोळ्या न्यायला आली नव्हती. खोटी तारीख लिहून मोकळं व्हावं, असंही मनात आलं होतं. शेवटी साडूंच्या नावाने बोटं मोडत मोटारसायकल काढली. दारात तिची आई आडवी आली. धाकटीची सोयरीक जुळत होती. थोरलीच्या गोळ्या पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून बंद केल्या होत्या. आत शमीम पडून होती, मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेली. चुलीपाशीच फिट आली होती.

"किसीकू बोलना नक्को, साब," आई रडत म्हणाली. मी शब्द दिला. पुढे बटणांच्या डबीतून गोळ्या पोचवत राहिलो. फिट थांबल्या, धाकटीचं लग्नही झालं.

आता शमीम आमच्याच संस्थेत नोंदी ठेवते. साडूंचे हात हल्ली थरथरतात. तरी वसमतहून एसटीने येतात, तिच्या शेजारी बसून सांगतात आणि ती टाइप करते. दर खेपेला मला विचारतात, "तो पुसायचा प्रश्न लई तकलीफ देतो का हो? काढून टाकू?" मी घाईघाईने नको म्हणतो. का, ते सांगता येत नाही. एवढे उपकार आणि त्या माणसाला त्याचा पत्ताच नाही, याने माझा जीव नुसता तळमळतो.

परवा ते म्हणाले, "पाव्हणं, ही एवढी हुशार बाई तुमाला कुठून भेटली?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो. शमीमने बाही मनगटावर ओढली आणि म्हणाली, "तुमीच तर आणलं मला, काका."

"मी? मी कव्हा?" साडू खो खो हसले. "म्हातारपणी ध्यानातच राहत न्हाई बघा!"

तिने त्यांचा चहा बशीत ओतला, आणि त्यांचा पिऊन होईपर्यंत बशी दोन्ही हातांनी धरून ठेवली.