नायजरमधले ढिवर

ज्या सकाळी मी गाव सोडलं, त्या सकाळी तलावाच्या पाळीवर माशा घोंगावत होत्या. बाबांचं रक्त तिथेच सांडलं होतं. आईने वर राख टाकली होती, पण वासावर त्या येतच होत्या. मला पुण्याच्या गाडीत बसवून द्यायला मामा बल्लारपूरहून मोटारसायकल घेऊन आला होता. तो तिथल्या कागद कारखान्यात कंत्राटी कामाला आहे. मी पिशवी मांडीवर घेऊन त्याच्या मागे बसले. आई जवळ आली. नीट राहा, जेवत जा, असं काही ती म्हणाली नाही. हळूच म्हणाली, "कोणी इचारलं तं सांगजो, बाप तलावात बुडाला. मारलं म्हणून सांगू नोको. मले इथीच राहाचं आहे."

गावात राहिलेल्यांनो, आणि मिरची तोडायला, बांधकामावर, कॉलेजात म्हणून गाव सोडलेल्यांनो, तुम्हाला हे नवीन नाही. तरी लिहिते. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही ढिवर, पिढीजात मासेमार. तलावात जाळं ओढलं की पाळीवर जो उभा असेल त्याला ओंजळभर मासोळ्या द्यायच्या, आणि तो कोण, कुठला, हे विचारायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. बाबा म्हणायचे, "पाणी कोणाच्या बापाचं नाई, मंग मासोळी आपल्या एकट्याची कशी?"

एके दिवशी पाळीवर बंदूकवाले उभे राहिले. बाबांनी त्यांना वाटा दिला. काही दिवसांनी दुसऱ्या बाजूचे आले, तेही बंदुका घेऊनच. बाबांनी त्यांनाही दिला. मग एका बाजूच्यांनी 'त्यांना काऊन दिला' म्हणून बाबांना असं मारलं की एका कानाने त्यांना ऐकूच येईना. दुसऱ्या बाजूच्यांनी जीव घेतला. कोणी काय केलं, ते मी इथेही लिहीत नाही. आई अजून तिथेच आहे.

मारणाऱ्यांनी जाळ्याच्या दोरीनेच बाबांचे हात बांधले. मासे घ्यायला आलेल्या लोकांना खाली बसवलं आणि पाहायला लावलं. आधी काठ्यांनी पाय मोडले. बाबा ओरडत होते, "मी सब्बनाईले देतो! सब्बनाईले देतो!" त्यांना वाटत होतं, हे ऐकून ते सोडतील. पण ते त्याच्याचसाठी मारत होते. मग कुऱ्हाड चालली. जाळ्यात मासोळ्या तडफडत होत्या. त्या कोणी काढल्या, की तशाच मेल्या, मला आठवत नाही.

पुण्यात कॉलेजच्या हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात मुलींनी विचारलं, वाघ पाहिलास का? मी हो म्हटलं, त्या खूश झाल्या. वडील काय करतात? मासेमार होते, तलावात बुडाले. माझी रूममेट सायली बिचारी साधेपणाने म्हणाली, "अगं, मासेमार आणि बुडाले?" मी कपडे वाळत घालायचे आहेत म्हणून गच्चीवर गेले. आमच्या गावात लहान पोरालाही पोहता येतं. बाबा बुडाले नाहीत हे गावातल्या सगळ्यांना माहीत होतं. पण आईने तसं सांगितलं तेव्हा सगळ्यांनी मान हलवली होती, कारण मान हलवणं सुरक्षित होतं.

दुसऱ्या वर्षी जागतिक राजकारणाच्या पेपरसाठी सरांनी प्रत्येकाला एक देश दिला. म्हणाले, "अमेरिका, चीन सगळ्यांना येतं. ज्याचं नाव ऐकून नकाशा उघडावा लागेल, असाच देश मिळेल." मला नायजर मिळाला. मला वाटलं, नायजेरियाच लिहायचं होतं, घाईत अर्धं राहिलं. नकाशात पाहिलं तर दोन वेगळे देश, एकमेकांना लागून.

लायब्ररीत मी मोबाइलवर शब्दांचे अर्थ बघत बघत इंग्रजी वाचायचे. वाळवंट, युरेनियमच्या खाणी, लष्कराने उलथवलेलं सरकार. आणि एका कोपऱ्यात चाड सरोवर. बंडखोर तिथल्या मासेमारांना सरकारचे खबरे म्हणून मारतात. सरकारला वाटतं की माशांचा पैसा बंडखोरांकडे जातो, म्हणून मासेमारीलाच बंदी. ते पान मी परत परत वाचलं. एवढ्या लांब, एवढ्या वेगळ्या रंगाची, वेगळ्या देवाची माणसं, आणि आमच्याच पाळीवर उभी.

प्रेझेंटेशनच्या दिवशी मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. पहिल्या बाकावरचा ओंकार म्हणाला, "पण आगीशिवाय धूर निघत नाही ना? ते मासेमार कोणाला तरी सामील असणारच." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तो फक्त हुशार आहे. सर माझ्याकडे बघत म्हणाले, "तुला काय वाटतं?"

मी उत्तर मनात पुण्याच्या भाषेत जुळवत होते. तोंडातून निघालं ते आमचंच. "माया बाप ढिवर होता. तो कोणालेच सामील नव्हता. बुडाला नाई तो. मारलं त्याले."

मग मी सगळं सांगितलं. ओंकारने मान खाली घातली. मला ते नको होतं.

बाहेर येऊन मी लगेच आईला फोन लावला. ती आठवडी बाजारात मासे घेऊन बसली होती, मागे गलबला चालू होता.

"आई, मी सांगून टाकलं."

तिने विचारलं, "कोणाले?"

"पुऱ्या वर्गाले."

"काऊन वो?"

मी नायजरचं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "ते बी ढिवर आहेत का?"

"हाव. तिथले."

"मंग त्याईच्या बाया काय सांगतात? बुडाला म्हणतात का?"

मी जे वाचलं त्यात बाया काय सांगतात हे कुठेच नव्हतं. तेवढ्यात कोणीतरी तिला विचारलं, "कोणाचा फोन आहे, बाई?" आणि आई मोठ्याने, भर बाजारात म्हणाली, "पोरीचा. तिच्या बापाले कसं मारलं, ते सांगून राह्यली तिथल्या लोकाईले."

तिच्या मागचा गलबला थांबला. "ठेव आता," आई म्हणाली, "गिऱ्हाईक आहे."

संध्याकाळी तिचाच फोन आला. मी रडतच विचारलं, कोणी काही बोललं का? "कोणी काई बोललं नाई. पर टोपली खाली झाली, एक बी मासोळी उरली नाई." मामाकडे जा, मी म्हटलं. ती नाही म्हणाली.

तेव्हापासून फोन वाजला की मी आधी नाव आईचंच आहे ना, ते बघते. परीक्षा संपली की मी जाणार आहे. पूर्वी घर म्हटलं की मला तलाव आठवायचा. आता त्या बाजारातली आईची जागा आठवते, जिथे ती एकटी ते वाक्य बोलली आणि बसून राहिली. तुमच्यापैकी कोणाच्या घरचं माणूस झाडावरून पडलं, कोणाला साप चावला, असं मी ऐकून आहे. मी विचारणार नाही. पण तुम्हाला सांगावंसं वाटलं, तर मी तिच्या शेजारीच बसलेली असेन.