सांध्याखालचे धुमारे

गुलाबातलं मला कळतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी 'बाई फारच शिष्ट आहे' म्हणायला नको. शिष्ट आहेच मी. फूल नसलेलं रोप हातात द्या, पानं आणि काटे बघून मी सांगते की कलम जिवंत आहे की नुसता खालचा खुंट माजलाय. लोक बाजारात रोप घेताना फूल बघतात. अरे, फूल काय बघता? ते चार दिवसांत गळणार. बूड बघा, सांधा बघा. मुलीच्या लग्नात जसं घराणं बघता तसं.

हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. माझ्या आजोळी संत्र्याची बाग होती. संत्र्याचं झाड बी पेरून करत नाहीत. जंबेरी म्हणून एक आंबट रानलिंबू असतं, त्याच्या रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंबाचा तुकडा, बांधतात. मग दोन्ही जुळतात त्या सांध्याच्या खालून जे धुमारे फुटतील ते खुडत राहायचं. नाही खुडले तर झाड हिरवंगार होतं, डेरेदार होतं, बघणारा वाहवा करतो, आणि फळ धरतं तेव्हा लागते जंबेरी. गुलाबाचंही तेच. खाली रानगुलाबाचा खुंट, वर चांगल्या गुलाबाचा डोळा. खालच्याला डोकं वर काढू दिलंत की तो वरच्याला उपाशी मारतो. आजोळच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

माझे वडील कचेरीत कारकून. घरापुढच्या काळ्या मातीत मुरूम मिसळून त्यांनी गुलाब लावले होते, कारण नुसत्या काळ्या मातीत पावसाळ्याचं पाणी साचून मुळं कुजतात. पाणी घालायचं, छाटायचं, वाळवी लागली का बघायचं, हे सगळं मी त्यांच्यासोबत केलं. बाबा बोलायचे कमी. त्यांच्या वाटणीचंही बोलणं देवानं मला दिलं होतं.

आणि म्हणूनच माझं लग्न ठरत नव्हतं. इंग्रजांचा मध्यप्रांत होता तो, मी सतरा वर्षांची, म्हणजे तेव्हाच्या हिशोबानं घोडनवरी. दोन ठिकाणांहून नकार आले होते. दोन्ही वेळा मी तोंड उघडलं होतं. एकीकडे विचारलं, 'पुरणपोळी येते का?' मी म्हटलं, 'येते. तुमच्या मुलाला काय येतं?' यात वाईट काय होतं, मला आजही कळत नाही.

तिसरं स्थळ नागपुरातल्याच सीताबर्डीचं. मुलगा रेल्वेच्या हापिसात, वडील निवृत्त हेडमास्तर. आमच्यात तेव्हा मुलगी मुलाच्या घरी नेऊन दाखवत. श्रावण चालू होता. टांग्यात आईनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "तोंडाले कुलूप लाव. हो म्हण, नाही म्हण, अन् पाया पड. चौथं काही करू नको वं माय."

मी कबूल केलं. खरंच कबूल केलं होतं.

मास्तरांनी पुरणपोळीचं विचारलंच नाही. बाबांना गुलाबांचा नाद आहे हे त्यांना कळलं होतं. चहा संपायच्या आत ते उठले, "चला, माझी बाग दाखवतो." सगळी वरात मागच्या अंगणात. मास्तर, त्यांचा मुलगा, आई, बाबा आणि डोक्यावर पदर घेतलेली मी. गुलाब बरे होते. मास्तर एकेकाचं कौतुक करत शेवटी एका रोपापाशी थांबले.

"हा माझा हिरा," ते म्हणाले. "कलकत्त्याहून रेल्वेच्या पार्सलानं मागवला. पहिल्या थंडीत असं काळपट लाल फूल आलं की गल्ली वास घ्यायला आली होती. मग दोन वर्षं फूल नाही. पण वाढ बघा! माणसाच्या वर गेलंय. या थंडीत बघाल तुम्ही, नुसता लाल होईल."

बाबांनी बघितलं आणि मान खाली घातली. मला कळलं का ते. त्यांनाही दिसलं होतं. पण मुलीचा बाप, तोंड शिवलेला. माझं तोंड कोणी शिवलं नव्हतं.

"हा तुमचा गुलाब नाही," मी म्हटलं.

आईनं मला असा चिमटा काढला की पुढे तिथे निळं पडलं.

"तुमचा लाल तो तिकडे आहे," मी बोट दाखवलं. बाजूला करंगळीएवढी एक काडी होती, दोन पानं घेऊन कशीबशी उभी. "हे जे उंच गेलंय ना, ते सगळं सांध्याच्या खालून आलंय. हा खालचा रानगुलाब. एका पानाला सात पाती आहेत बघा, काडीवरच्या पानाला पाच. आता सातावर फार जाऊ नका, काही चांगल्या गुलाबांनाही सात येतात. पण सांधा खोटं बोलत नाही. हे खालचे धुमारे बुडापासून काढा, नाहीतर या थंडीत तो लाल मरेल."

बाप्पा! मास्तरांचे कान तापून लाल झाले. आई पदरात तोंड घालून उभी. आणि मुलगा? बाकी सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, तो खाली वाकला आणि मी दाखवलेला सांधा बघू लागला. नीट, बोटानं माती बाजूला करून.

मास्तर त्याच्यावरच ओरडले. "हात लावू नकोस! या झाडाला माझ्या परवानगीशिवाय कोणी हात लावायचा नाही." मग बाबांकडे वळले. "असं करू. संक्रांतीपर्यंत थांबू. लाल फूल आलं तर तुमची मुलगी खोटी, आणि खोटं इतक्या ठामपणे बोलणारी सून मला नको. नाही आलं, तर ती खरी, आणि मी तिला सून करून घेतो."

"चालेल," मी म्हटलं. मला कोणी विचारलं नव्हतं.

परत येताना आई टांग्यात जी सुरू झाली ती घर येईपर्यंत थांबली नाही. "तुह्या जिभेले काही हाड हाये का नाही? मास्तराले शिकवून राहिली! काहून बोलली वं? आता कोण करन तुह्याशी लग्न?" मी बाहेर बघत बसले. बोलल्याचा मला पश्चात्ताप नव्हता, आजही नाही. झाड मरत होतं, मी बघत बसू? पण खरं सांगते, त्या दिवशी घरी येऊन मी रडले. मुलगा मला आवडला होता. आधीच्या दोघांचे चेहरेही मला आठवत नाहीत. याचा मातीत घातलेला हात डोळ्यांपुढून हलत नव्हता.

पुढच्याच महिन्यात कुही गावाकडून एक स्थळ आलं. बिजवर, पहिली बायको गेलेली, दोन मुलं, धानाची भरपूर शेती. त्याला हुंडा नको होता आणि मुलीच्या जिभेचीही चौकशी त्यानं केली नव्हती. आईला हे स्थळ म्हणजे देवच पावला. बाबांनी जन्मात पहिल्यांदा तिच्यापुढे पाय रोवला. म्हणाले, "संक्रांतीपर्यंत थांबू. मास्तरांना शब्द दिलाय. लाल आलं, तर कुहीला होकार कळवू." म्हणजे माझं सगळं आयुष्य आता एका झाडावर लटकलं होतं, आणि ते झाडही दुसऱ्याच्या अंगणात.

मी घाबरले नाही. लाल येणारच कसं? मास्तर हट्टी, ते धुमारे कापणार नाहीत. धुमारे राहिले तर लालाला फूल नाही. दोन आणि दोन चार. दसरा झाला, आमच्या गुलाबांची छाटणी मी केली, मुळं उघडी टाकून ऊन दाखवलं, शेणखत भरलं, आणि निवांत होते. आई म्हणायची, "हिले काही वाटत नाही का वं माय?" वाटत होतं. पण भीती नव्हती.

मार्गशीर्षात एका सकाळी मास्तरांचा गडी आला. हातात पितळेची वाटी, वाटीत पाणी, पाण्यात फूल.

लाल.

गडी म्हणाला, "मास्तरांनी सांगितलं, पहिलं फूल आलं. बघून घ्या म्हणाले."

मी फूल उचललं. काळपट लाल, पाकळीला मखमलीसारखी लव, वास असा की ओसरी भरून गेली. देठाच्या पानाला पाच पाती. बाजारातलं आणून फसवलंय म्हणायला जागाच नव्हती. असला गुलाब नागपुरात तेव्हा कोणाकडे होता? फूल अस्सल होतं.

"झालं समाधान?" आई म्हणाली. "आता कुहीले होकार कळवा." बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. मी खरी होते हो! फूल हातात घेऊन, माझ्या विरुद्धचा पुरावा हातात घेऊन, मी खरी होते. डोकं चालत होतं. लाल आलंय म्हणजे त्याला पोटभर मिळालंय. पोटभर मिळालंय म्हणजे खालचे धुमारे नाहीत. आणि धुमारे आपोआप जात नाहीत.

"बाबा, टांगा बोलवा," मी म्हटलं.

न ठरलेल्या सासरी, न बोलावता, मुलीनं जायचं! आईनं कपाळावर हात मारला, पण एकटं सोडायला नको म्हणून तीही चढली. रविवार होता. मास्तर शाल पांघरून बागेतच बसले होते. मी थेट त्या रोपापाशी गेले. मागून आई, "पाया पड वं आधी!"

मी गुडघे टेकले आणि हातांनी माती उकरली. सांध्याखाली, खोडाला अगदी लागून, कापल्याच्या खुणा होत्या. वाळून काळ्या पडलेल्या. कापणाऱ्यानं खुंटी ठेवली नव्हती, फार व्यवस्थित काम होतं. आणि वरच्या काडीची चांगली जाड फांदी झाली होती, आणखी दोन कळ्या घेऊन.

"हे कोणी कापलं?" मी विचारलं.

"काय कापलं?" मास्तर उठून आले, वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले. "मी नाही. दसऱ्यानंतर मी हिवतापानं अंथरुणाला खिळलो होतो. उठलो तेव्हा सगळीच बाग छाटलेली होती, हेही ठेंगणं दिसलं, त्यात मला काही..." ते थांबले. "छाटणी यानं केली."

हा म्हणजे मुलगा दारात उभा होता. दाढी करता करता बाहेर आलेला, अर्ध्या गालाला साबण.

"मी कापले," तो म्हणाला.

"तुला मी हात लावू नको म्हणून बजावलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"त्यांनी सांगितलं होतं, नाही कापले तर लाल मरेल."

माझा संताप झाला. खरंच झाला. पदर, मर्यादा, सगळं विसरून मी उभी राहिले. "अहो, पण कापले की लाल येणार, आणि लाल आलं की मी खोटी ठरणार! पैज काय होती? एवढं डोक्यात आलं नाही तुमच्या?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, त्या रोपाकडे बघितलं. त्याला माझा राग समजतच नव्हता.

"मला वाटलं," तो म्हणाला, "लाल आलं म्हणजे तुम्ही खऱ्या ठरल्या."

मास्तर खाली बसले. बराच वेळ त्या कापलेल्या खुणांवरून अंगठा फिरवत राहिले. मग बाबांना म्हणाले, "आत या. चहा घेऊ. मुहूर्ताचं बोलावं लागेल."

आणि मी, जिच्याजवळ सगळ्याला उत्तर असायचं, मातीचे हात तसेच डोळ्यांना लावले आणि सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडायला लागले.

"आता काहून रडून राहिली वं?" आई घाबरून जवळ आली.

"कुहीले नाही म्हणून कळव," मी म्हटलं.