मेव्हण्याचे लाल बूट

या ग्रुपवर परवा कुणीतरी विचारलं होतं... ट्रेकिंगचा अनुभव नसताना अवघड डोंगर चढावा का? उत्तर द्यायला बसलो, पण त्यासाठी हे सगळं सांगावं लागेल.

लातूरला माझं पाइप-फिटिंगचं दुकान आहे. इंच-सुतात बोलणारा माणूस मी. दुकानाला लिंबू-मिरची बांधत नाही. आजही नाही.

गेल्या श्रावणात, सोमवारी, मी आणि मेव्हणा शिवराज हिमायतनगरच्या पुढच्या जंगलातल्या एका डोंगरावर गेलो. नाव मुद्दाम देत नाही. उंची फार नाही, पण वरचा टप्पा उभा कातळ, आणि माथ्यावर महादेवाची पिंड. आम्ही सपाटीवरची माणसं. डोंगर म्हणजे आमच्या लेखी उंचावरचं देऊळ. म्हणून पायथ्याच्या चहाच्या टपरीवरच पायताण काढलं. माझ्या चपला, शिवराजचे नवेकोरे लाल बूट.

टपरीवाल्या मावशी म्हणाल्या, "घालून जा की. कातळ लई निसरडा हाय. देव काही रागावत न्हाई."

"महादेवाला बुटानं जाऊ व्हय, मावशी?" शिवराज हसला.

अर्ध्यावर मी थांबलो. म्हटलं, "शिवा, इथूनच हात जोडू. परत फिरू."

"दाजी, दुकानात शिडीवर चढून पाइप काढता ना? तेवढंच हाय. चला!"

गेलो. दर्शन झालं. उतरताना भुरभुर सुरू झाली, त्यात धुकं. तो पुढं, मी मागं, बसत-घसरत. "दाजी, सावकाश..." एवढं ऐकू आलं. मग तेही नाही. हाका मारल्या. उत्तर नाही.

कातळाखाली वाटेला दोन फाटे होते. चढताना हे लक्षातच आलं नव्हतं. उजवीकडची वाट रुंद, म्हणून तिकडं पाय टाकणार, तर समोर त्याचे लाल बूट! वाटेत आडवे, जोडीनं नीट ठेवलेले, टोकं डावीकडं. वाटलं, यानं माझ्या नकळत पिशवीतून वर आणले असतील, मला खूण म्हणून ठेवले. अजून दोन्ही हातांनी कातळ धरूनच सरकत होतो, उचलता आले नाहीत. डावीकडं वळलो आणि थेट टपरीवर उतरलो.

शिवराज आला नव्हता. त्याचे बूट मात्र माझ्या चपलांशेजारी होते.

"कुणी हलवले का हे?"

"न्हाई दादा. सकाळपासून माझ्यासमोरच हायत."

अंधार पडायच्या आत गावकऱ्यांना तो सापडला. उजवीकडची वाट पुढं कड्यावर संपत होती. तो खाली पडला होता... अनवाणी. जीव गेला होता.

मावशींनी बूट पिशवीत घालून दिले, तेव्हा तळवे पाहिले. पायथ्याला सगळी काळी माती. बुटांच्या खाचांत ओलं, हिरवं शेवाळ होतं, वरच्या कातळावर होतं तसं.

भास म्हणावा, तर भासाला शेवाळ लागत नाही.

तेव्हा ज्यांनी विचारलं त्यांना सांगतो, चढू नका. चढलातच तर पायातलं काढू नका, आणि बरोबरचा "फिरू" म्हणाला की फिरा.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती बूट मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "तुम्हाला अडवलं या बुटांनी. माझ्या भावाला का न्हाई अडवलं?"

बूट अजून आमच्या दाराशी आहेत. रोज ओलांडून दुकानात जातो.