सात एकांची भिंत

“मी पुसलं न्हाई, सारवलं,” सारजाबाई म्हणाल्या. “दिवाळीला भिंत सारवायची न्हाई, तर काय ववाळायची तिला?”

“कोळशानं चौकट मारली होती मी!”

“हात गेला थोडा चौकटीत. दोन वर्सं झाली त्याला. आज बोंब?”

भिवाजी गुरुजी भिंतीला नाक टेकवून ओळी चाचपत होते. पौडच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून चार वर्षं त्यांचा हाच उद्योग. सात एक ओळीनं लिहिले की होणारी संख्या मूळ आहे, तिला कशानंच भाग जात नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून हजाराच्या जरा पुढपर्यंतची एकेक मूळ संख्या घेऊन ते तिला भागून बघत होते; त्यापुढं बघायची गरज नव्हती. बाकी उरली की पुढची. दोनच राहिल्या होत्या.

तेवढ्यात डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. पुण्याच्या दवाखान्याची तारीख दोनदा हुकवली. ‘भिंत संपल्याशिवाय हलणार नाही.’ तिसरी तारीख उद्याची होती, आणि आता उशीर केलात तर दिसणं जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आज वहीत उतरवायला सून रत्ना भिंत वाचत होती, ती दोनशे तेहेतीसवरून थेट दोनशे एक्केचाळीसवर गेली.

“दोनशे एकोणचाळीस मी केला होता,” गुरुजी म्हणाले. “बाकी उरली होती.”

“त्या सांजंला तुमचे जुने शाळा तपासनीस भेटाया आले आन् तुमी भागाकार अर्धा टाकून उठून गेलात. पुना बसलाच न्हाईत.”

गुरुजी सारवलेल्या जागेवरून बोट फिरवू लागले.

सारजाबाईंना उभं राहायचा कंटाळा आला होता. चार वर्षं त्या या भिंतीला वळसा घालून झाडत होत्या. त्यांनी चुलीतला विझलेला कोळसा आणला. “सांगा. मी लिवते.”

“अकराशे अकरा. चारचा भाग. खाली नऊशे छप्पन्न.”

आकडे त्यांना गुरुजींनीच शिकवले होते, लग्नानंतर. वजाबाकी, वरचा एक खाली. सहाचा भाग. पुन्हा वजाबाकी. चारचा. शेवटी एकवीसशे एक्कावन्न उरले.

“नऊचा,” गुरुजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज खाली गेला. “खाली लिही... एकवीसशे एक्कावन्न.”

सारजाबाईंनी लिहिलं. वर तेच, खाली तेच. क्षणभर वाटलं, एखादा आकडा बदलावा, यांना कुठं दिसतंय. पण मग उरलेल्या दोन भागायला बसतील. मग उद्याही दवाखाना नाही.

“बाकी?” गुरुजींनी उगाच विचारलं.

“काय न्हाई उरलं.”

ते हळूच खाली बसले. “म्हणजे दोन वर्षं मी नुसता...”

“व्हय.”

रत्ना वही मिटून उभी होती. कोंडाजी, मुलगा, दारात चपला काढत होता. सारजाबाईंनी कोळसा चुलीत टाकला, लुगड्याला हात पुसले.

“कोंडाजी, सकाळच्या गाडीनं यांना घेऊन पुण्याला जायचंय. रत्ना, शेण कालव. भिंत आत्ताच सारवायची हाय. समदी.”