सर्व्हर गेला

टाइम ऑफिसातले पोपटराव दारात उभे राहून म्हणाले, “रूथबाई, सर्व्हर गेला.” हातातलं काम टाकून मी कॉम्प्युटर रूमकडे गेले, दाराशी चपला काढल्या, आत डोकावले. मशीनचा पंखा घरघरत होता, हिरवा दिवा लागलेला होता. परत येऊन जरा तोऱ्यातच म्हटलं, “चालू आहे की.” पोपटराव खाली बघत म्हणाले, “मशीन न्हाई, बाई. आपला सर्व्हर. गावाकडं खर्ड्याला गेल्ता ना सुट्टीवर... झोपेतच गेला म्हनं.” कोपरगावजवळच्या आमच्या साखर कारखान्यात मिलिंदरावांना सगळे सर्व्हरच म्हणायचे. नावाने हाक मारणारी मी एकटी, म्हणून मला कळायला वेळ लागला.

कारखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हा आम्ही सगळेच बिचकलो होतो. एक मोठं मशीन त्या थंड खोलीत, आणि वजनकाट्यापासून हिशेबखात्यापर्यंत टेबलांवरची बाकीची मशीनं त्याला वायरींनी जोडलेली. सकाळी आलं की आपलं नाव आणि पासवर्ड टाकून आपण कोण ते त्या मोठ्या मशीनला पटवायचं, तरच ते आत घेणार. ही सगळी जोडाजोड मिलिंदरावांची. वायरी ओढत ते टेबलाखाली शिरत, तेव्हा कुठून बोलतायत तेच कळायचं नाही. शिर्डी जवळ, त्यामुळे अर्ध्या ऑफिसाने पासवर्ड ‘साईराम’ ठेवला. तर हे टेबलाखालून म्हणाले, “देवाचं नाव ठेवू नका, ते सगळ्यांना म्हाईत असतं.” साहेबांनी प्रत्येकाच्या नावापुढे आडनाव घालायला सांगितलं, तेव्हा मात्र ते बाहेर आले. “मशीनला आडनावाशी काय करायचंय, साहेब?” आडनाव कळल्यावर लोकांचा चेहरा कसा बदलतो, हे त्यांना आणि मला, दोघांनाही पाठ होतं. शेवटी मशीनमध्ये सगळे नुसत्या नावाने गेले.

पासवर्ड बरोबर पडला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांत एक ओळ उमटायची. तीही त्यांनीच घातलेली, ज्याच्या त्याच्या सवयीची. हिशेबनिसांना ‘राम राम’, स्टोअरमधल्या शेखभाईंना ‘सलाम’, वायरमनला ‘जय भीम’. मला ‘जय ख्रिस्त, रूथबाई. जेवलात का?’ जेवणाचं फक्त मलाच. सकाळी सकाळी कोण जेवतं, म्हणून मी एकदा हटकलं. तोंड फिरवून म्हणाले, “तुमी रात्री उपाशी झोपता, त्याचं विचारतो.” आई गेल्यापासून एकटीसाठी स्टोव्ह पेटवायचा मला कंटाळा यायचा. हे मी कुणाला बोलले नव्हते, पण त्यांची खोली माझ्या क्वार्टरला लागून होती, आणि न पेटलेल्या स्टोव्हचा आवाज येत नाही हे ऐकणारा माणूस तेवढा एकच होता. त्या दिवसापासून मी काहीतरी रांधू लागले... आम्ही फारसं बोललो असंही नाही. दोन एकटी माणसं कारखान्यात जरा थांबून बोलली, की तिसऱ्याच्या चहाला चव येते.

ते गेल्यावर साहेबांनी मला बोलावलं. हंगाम तोंडावर आलेला, नवीन माणसांची नावं मशीनमध्ये घालायची तर मुख्य पासवर्ड लागतो, आणि तो मिलिंदरावांखेरीज कुणाला ठाऊक नाही. “तुम्हाला सांगितला असेल की,” साहेब म्हणाले. त्या ‘तुम्हाला’मध्ये काय होतं ते मला कळलं. राग यायला हवा होता, पण खरं सांगते, बरं वाटलं. मला कुणी विधवा म्हणणार नव्हतं, भेटायलाही कुणी आलं नव्हतं. त्यांचं माझ्याशी काही नातं होतं, असं निदान साहेबांनी तरी धरलं.

पासवर्ड मला त्यांनी सांगितला नव्हता. ते सांगणारच नाहीत, तत्त्वाला पक्के. पण तसं म्हटलं असतं तर पुण्याचा इंजिनियर आला असता, त्याने उसाच्या नोंदी उतरवून घेऊन बाकीचं पुसून टाकलं असतं. नावं नव्याने घातली असती, आडनावांसकट, आणि सकाळची ओळ गेली असती. म्हणून मी म्हणाले, “आठवून बघते, थोडे दिवस द्या.” मी हे लिहितेय ते साहेब कधीतरी वाचतीलच. वाचू देत.

तेव्हापासून रोज दुपारी मी त्या खोलीत जाते, त्यांच्या खुर्चीत बसते आणि एक शब्द टाकून बघते. गावाचं नाव झालं. तिथल्या किल्ल्याचं झालं. त्यांच्या आईचं नाव पोपटरावांकडून विचारून घेतलं, तेही झालं. मशीन नाही म्हणतं, मी उठते. इतकी वर्षं शेजारी राहून त्या माणसाबद्दल मला किती थोडं माहीत होतं, ते या खुर्चीत बसून कळलं. माझ्याकडचे शब्द आता संपले आहेत.

एक तेवढा राहिला आहे, माझं नाव. ते टाकायला हात होत नाही. चुकलं, तर मशीन मलाही नाहीच म्हणेल... आणि बरोबर निघालं, तर ते सांगायला आता कुणाकडे जाऊ?