सगळे ठोके सारखे

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. जळगावला मेहरूणमध्ये मी कॉम्प्युटर क्लास चालवायचे... दोन मशीन, एक खडखड करणारा प्रिंटर.

एक दिवस ओळखीचे डॉक्टर आले. डायबेटिसच्या पेशंटना मिनिटभर संथ, खोल श्वास घ्यायला लावून ते ईसीजी काढायचे आणि दोन ठोक्यांमधलं अंतर पट्टीने मोजायचे. श्वासाबरोबर ते अंतर कमी-जास्त व्हायला हवं. किती होतं, हे काढणारा प्रोग्रॅम त्यांना हवा होता.

मी तो बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहून दिला. त्यांच्या वहीतली अंतरं मीच टाइप केली. वीसेक जणांचे आकडे नीट आले... एकाचा मात्र जवळजवळ शून्य.

मला वाटलं, प्रोग्रॅमच चुकलाय. एकेक ओळ तपासली, त्यांच्या दवाखान्यात स्वतःचा ईसीजी काढून घेऊन तेही आकडे टाकले. माझं उत्तर ठीक आलं. म्हणजे डॉक्टरांनीच घाईत मोजलं असणार... मी ते नाव यादीतून उडवलं.

प्रिंट देताना सहज म्हटलं, "सर, एक नाव काढलंय. सगळे ठोके सारखेच लिहिलेत तुम्ही."

डॉक्टरांनी बॅगेतून तो ईसीजी काढला आणि माझ्यासमोर पुन्हा मोजला. "मॅडम, सारखेच आहेत," ते म्हणाले आणि उठलेच. "यांचं उद्या ऑपरेशन आहे."

मीही सोबत हॉस्पिटलमध्ये गेले. चोपड्याकडचे केळीवाले आबा, हर्नियासाठी दाखल झालेले. आम्हाला बघून हसले. "मनी नाडी घड्याळसारखी शे, डॉक्टर. माले काय व्हई?"

शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "उठनात का चक्कर येस त्यासले."

डॉक्टरांनी आडवं असताना आणि उभं करून बीपी घेतलं. उभं राहताच ते धाडकन खाली आलं. साखरेने हृदयाचे ठोके आणि बीपी सांभाळणारे मज्जातंतूच निकामी केले होते. अशा पेशंटचं बीपी भूल दिल्यावर एकदम कोसळू शकतं, म्हणून त्यांनी ऑपरेशन पुढे ढकललं, भूल देणाऱ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं.

दहा दिवसांनी ऑपरेशन झालं. मध्येच बीपी उतरलं, पण औषध हाताशी तयार होतं. आबा सुखरूप घरी गेले.

मी फार काही केलं नाही, उलट त्यांचं नावच खोडलं होतं. फक्त ते बोलून दाखवलं. नसतं बोलले तर... यादी अगदी नीटनेटकी दिसत होती.